पट्टीवरचा भाव

गेल्या पावसाळ्यात आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरची तपासणी होती, म्हणून तिला घेऊन जळगावला गेलो होतो. डॉक्टरांनी अर्ध्या तासात मोकळं केलं. एरंडोलची गाडी पकडण्याआधी घरचं थोडं सामान घ्यावं म्हणून एका मोठ्या दुकानात शिरलो. आत थंडगार हवा, ढकलगाड्या, छतापर्यंत रचलेला माल. आईला नव्या डोळ्यांनी सगळं लख्ख दिसत होतं आणि त्याचं तिला अप्रूप होतं. तिला अक्षरं वाचता येत नाहीत, अंक मात्र येतात. त्यामुळे फळ्यांच्या कडेला लावलेल्या पट्ट्यांवरचे आकडे ती मोठ्याने वाचत चालली होती. तूरडाळीच्या किलोच्या पाकिटाखाली १५९ होते. पाकीट उचललं, टोपलीत टाकलं.

बिलात डाळ १७८ला लागली होती.

काउंटरवरच्या मुलीला सांगितलं, तर तिने पाकीट पुन्हा त्या लाल उजेडावर धरलं. पुन्हा १७८. "सिस्टीममध्ये हेच येतंय, काका." मी म्हटलं, पट्टीवर वेगळं आहे. "पट्टी बदलायची राहिली असेल." मग पाकिटाची मागची बाजू माझ्यापुढे धरून ती म्हणाली, "एमआरपी बघा ना, २२५ आहे. आम्ही कमीच लावलंय." मागे रांग लांबत होती. एक जण घड्याळ बघत होता. मी पैसे दिले.

पाळधी जाईपर्यंत आई गाडीत काही बोलली नाही. मग म्हणाली, "पट्टीवर एकशे एकोणसाठच व्हतं ना रे?" मी हो म्हटलं. "मंग जास्तीना पैसा काबर दिनात?"

एकोणीस रुपयांसाठी भांडायचं का, असं काहीतरी मी पुटपुटलो. पण तिचा प्रश्न एकोणीस रुपयांचा नव्हता हे मला माहीत होतं. आमच्या घरात लिहिलेल्या भावाचा एक जुना हिशोब आहे, आणि त्यात मी देणेकरी आहे.

माझे वडील एरंडोलच्या बाजारपेठेत एका किराणा दुकानात तीस-बत्तीस वर्षं नोकरीला होते. तागडी धरायची, पुड्या बांधायच्या, संध्याकाळी गल्ला मोजून शेटजींच्या हवाली करायचा. दुकानाच्या दारात एक काळा फळा टांगलेला असे. त्यावर साखर, गूळ, तूरडाळ, गोडेतेल, रॉकेल असे जिन्नस आणि त्यांचे भाव खडूने लिहिलेले. जीवनावश्यक वस्तूंच्या १९५५च्या कायद्याखाली निघालेल्या आदेशांमुळे भाव आणि साठा दर्शनी भागात लिहावा लागे. माझं अक्षर बरं होतं, म्हणून पाचवीत गेल्यापासून शाळेत जाण्याआधी फळा लिहायचं काम माझ्याकडे आलं. दुपारी आई बाबांचा डबा घेऊन यायची आणि फळ्यासमोर उभी राहून विचारायची, हा कोणता, तो कोणता. शून्य ते नऊ ती त्या फळ्यावर शिकली. दुसरी कुठलीही शाळा तिने पाहिली नाही.

१९७९ची गोष्ट. ऑगस्ट १९७८मध्ये साखरेवरचं नियंत्रण उठलं होतं, आणि पुढच्या वर्षाच्या अखेरीला भाव असा भडकला की डिसेंबरात सरकारने नियंत्रण परत आणलं. त्या मधल्या दिवसांत, पुरवठा खात्याचा माणूस येणार अशी कुणकुण लागली म्हणून शेटजींनी मला सांगितलं, "साखरेचा जुनाच लिही." मी लिहिला. सातवीतल्या पोराला त्यात वावगं काय वाटणार? दुपारी पद्मालयाकडच्या एका वस्तीवरची बाई आली. तिने फळ्याकडे पाहून पदराच्या गाठीतले पैसे मोजले आणि एक किलो साखर मागितली. बाबा खाली बघून म्हणाले, "ती साखर संपली, माय. आता नवीन आवक आहे." बाईने फळ्याकडे पाहिलं, मग पोत्याकडे पाहिलं, मग गठडीत परत गाठ मारली आणि अर्धा किलो घेऊन गेली. मी बाजूला उभा होतो. हाताला खडू होता.

बाबांनी त्या रात्री मला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून फळा लिहायला मला बोलावलं नाही, एवढंच.

लिहिलेला भाव ही तशी फार जुनी चीज नाही, हे मला पुढे वाचताना कळलं. जुना भाव बोलण्यातला असे, आणि मोठ्या व्यवहारात तर बोलण्यातलाही नसे. खानदेशातल्या कापसाच्या बाजारात हत्ता पद्धत होती. दलाल आणि खरेदीदार रुमालाखाली किंवा उपरण्याखाली एकमेकांची बोटं धरत. किती बोटं धरली, कुठल्या पेरावर दाब दिला, यावरून भाव ठरे. ज्याचा कापूस तो शेतकरी गाडीच्या जुवाजवळ उभा. त्याला शेवटी एक आकडा सांगितला जाई आणि त्यातूनही कडता, तोलाई, हमाली, अडत, धर्मादाय वजा होई. लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालच्या शेतकी आयोगाने १९२८च्या अहवालात हा कापडाखालचा व्यवहार नोंदवला आणि बाजारावर नियमन आणा असं सुचवलं. त्याच्या वर्षभर आधी, १९२७मध्ये, मुंबई इलाख्याने कापूस बाजारांचा कायदा केला होता. वऱ्हाडात तसा कायदा १८९७पासूनच होता.

कापडाच्या दुकानात तर भाव लिहिलेला असे, पण गिऱ्हाइकासाठी नव्हे. दहा अक्षरांचा एक शब्द घ्यायचा, ज्यात एकही अक्षर दोनदा येत नाही. पहिलं अक्षर म्हणजे एक, दुसरं म्हणजे दोन, असं करत शेवटचं म्हणजे शून्य. त्या अक्षरांत लुगड्याच्या चिठ्ठीवर खरेदीची किंमत घालून ठेवायची, म्हणजे घासाघीस करताना नोकराला कुठपर्यंत उतरायचं ते समजे. गिऱ्हाईक चिठ्ठी हातात घेऊन बघत असे आणि त्याला काहीच दिसत नसे. उधारीच्या चोपड्याही तशाच. मारवाडी पेढ्यांत त्या महाजनी लिपीत असत. काना-मात्रा नाहीत, लिहिणाऱ्यालाच लागावी अशी. काकाजी अजमेरला गेले या मजकुराचं काकाजी आज मेले असं वाचन झाल्याचा विनोद हिंदी मुलखात सगळीकडे सांगतात. कर्जदाराला त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. एरंडोलला एकेकाळी हातकागद बनत असे, जुन्या गॅझेटियरमध्ये त्याची नोंद आहे. इथल्या कागदावर इथल्याच माणसाला न वाचता येणारी किती खाती लिहिली गेली असतील, असं उगाच मनात येतं.

राजसत्तेचं बाजारावर लक्ष नव्हतं असं नाही. पेशवाईत पुण्याच्या कोतवालाकडे भाव आणि वजनमापं यांची देखरेख असे. ठरवून दिलेल्या भावाला निरख म्हणत. आपण आज निरखून पाहणे म्हणतो त्यातला निरख हा मात्र वेगळा शब्द. पण निरख ठरे तो पेठेत. गावोगावच्या दुकानात काय चालतं ते पाहायला कोतवाल पोचत नसे.

इंग्रजी अमलात काय झालं, ते मला सगळ्यात बोलकं वाटतं. १८६१ला अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, तिथला कापूस बंद पडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदुस्थानचा कापूस लागू लागला. भाव चढले, तशी भेसळही चढली. गाठींत पाणी, सरकी, माती, आखूड धाग्याचा कापूस. विलायतेतून ओरड झाली आणि मुंबई सरकारने १८६३मध्ये कापसातल्या लबाडीविरुद्ध खास कायदा केला, निरीक्षक नेमले. खानदेशात त्या दशकात कलेक्टर असलेल्या ॲशबर्नर यांनी तर हिंगणघाटचं बियाणं आणून कापसाची जात सुधारायचा सपाटा लावला. म्हणजे दूरच्या मोठ्या गिऱ्हाइकाला फसवलं जातंय म्हटल्यावर दोन-अडीच वर्षांत कायदा, खातं, माणसं सगळं उभं राहिलं.

जवळच्या गिऱ्हाइकाचं काय? खोटी वजनं वापरणं १८६०च्या दंडसंहितेत गुन्हा होतं, २६४ ते २६७ ही कलमं त्याचीच. पण खरं वजन कोणतं? शेर गावागणिक वेगळा, धान्याचा वेगळा, तुपाचा वेगळा. मण कुठे किती शेरांचा हेही ठरलेलं नाही. संपूर्ण इलाख्यासाठी प्रमाण वजनमापं ठरवणारा मुंबईचा कायदा आला १९३२मध्ये. गाठीतल्या कापसाला न्याय १८६३ला, शेरभर मिठाला १९३२ला. मधली एकोणसत्तर वर्षं मापात पाप होतं की नव्हतं, हे सिद्ध करायला मापच नव्हतं.

बाबांना या सगळ्यातलं एकच प्रकरण प्रत्यक्ष आठवत असे, ते शेराचा किलो झाला तेव्हाचं. १ एप्रिल १९५७ला नवे पैसे आले आणि १९५८पासून टप्प्याटप्प्याने नवी वजनं. ऐंशी तोळ्यांचा शेर म्हणजे ९३३ ग्रॅम. किलो त्याहून ६७ ग्रॅमनी मोठा. दुकानदाराने शेराचा भाव वाढवून किलोला लावला तर तक्रार नाही, पण वाढवताना हात किती सैल सोडायचा ते कोण बघणार? नाण्यांचंही तसंच. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. सरकारी तक्त्यात एका आण्याला सहा, दोन आण्यांना बारा, तीन आण्यांना एकोणीस, अर्धा किंवा त्याहून कमी अंश सोडून द्यायचा. बाबा सांगत, तक्ता दुकानात लावलेला असे, पण आण्याची काड्याची पेटी घ्यायला आलेल्याकडून सात नवे पैसे घेतले जात, आणि दोन वेळा विचारलं तर एक परत मिळे. बाजारात विचारणाऱ्याला वेगळा भाव आणि न विचारणाऱ्याला वेगळा, हे त्यांनी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. काटा मारणं, पासंग ठेवणं या जुन्या विद्या होत्या. ही नवी होती, कारण इथे खरा आकडा भिंतीवर चिकटवलेला होता.

भिंतीवरच्या आकड्यासाठी भांडल्या त्या बायका. १९७२च्या दुष्काळात महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी अशा वेगवेगळ्या पक्षांतल्या बायका एकत्र आल्या आणि लाटणं घेऊन रस्त्यावर उतरल्या. लाटणं मोर्चाचे फोटो आता स्मरणिकांमध्ये येतात आणि गमतीचे वाटतात. त्यातली मागणी गमतीची नव्हती. माल कुठे आहे, किती आहे आणि काय भावाने आहे, ते उघड सांगा. साठेबाजाच्या गोदामावर जाऊन तेलाचे डबे मोजायला लावणं म्हणजे भाव रुमालाखालून बाहेर काढणंच होतं. पुढे आणीबाणी आली, मृणालताई आणि अहिल्याताई तुरुंगात गेल्या, आणि त्याच आणीबाणीत, १ जुलै १९७५च्या वीस कलमी कार्यक्रमाच्या तोंडाशीच, जिन्नसांच्या भावाचं कलम होतं. ज्या बायका हे मागत होत्या त्यांना आत टाकून सरकारने फळे लावायला सुरुवात केली. आमच्या दुकानातला फळा त्याच लाटेत मोठा झाला, असं बाबा म्हणत. मोठा फळा म्हणजे खोटं लिहायला जास्त जागा, हेही त्यांचंच.

१९७५मध्येच वेष्टित मालाबाबतचा आदेश निघाला आणि १९७७मध्ये त्याचे रीतसर नियम झाले. पाकिटावर वजन, किंमत, बनवल्याचा महिना, बनवणाऱ्याचं नाव छापायचं. सुरुवातीला त्यातही एक फट ठेवली होती. किंमत छापून पुढे 'स्थानिक कर वेगळे' असं लिहिता येई, आणि स्थानिक कर किती ते दुकानदाराच्या तोंडी असे. गावात जकात होती, विक्रीकर होता; गिऱ्हाईक कुठे तक्ता बघायला जाणार? ती फट १९९०मध्ये बुजवली आणि 'सर्व करांसहित कमाल किरकोळ किंमत' आली. आपण जिला एमआरपी म्हणतो ती. आज वैधमापनाच्या २०११च्या नियमांप्रमाणे छापील किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही, ती खोडता येत नाही, आणि कमी किमतीचं स्टिकर लावायचं तर मूळ आकडा झाकता येत नाही. एकाच मालावर दोन ठिकाणी दोन एमआरपी छापायचीही २०१८पासून मनाई आहे.

त्याच काळात पुण्यात बिंदुमाधव जोशींनी १९७४ला ग्राहक पंचायत सुरू केली आणि पुढच्या वर्षी मुंबई ग्राहक पंचायत झाली. दादरा-नगर हवेलीच्या मुक्तिसंग्रामात गेलेला हा माणूस डाळ-साबणाच्या हिशोबात का शिरला, असं लोकांना वाटत असे. मुंबई पंचायतीने तर दुकानदारच वजा केला. शेजारच्या दहा-पंधरा घरांनी गट करायचा, महिन्याची यादी द्यायची, एकत्र खरेदी करून माल घरपोच वाटायचा. हे मराठी मध्यमवर्गाला जमलं, कारण त्याच्याकडे महिन्याचे पैसे एकदम होते. एरंडोलला आमच्यासारख्यांकडे आठवड्याचे असत, वस्तीवरच्या बाईकडे दिवसाचे. तिच्यासाठी पंचायत नव्हती, फळाच होता.

आता इथे जरा एरंडोल सोडून लांब जावं लागेल, कारण माझ्या एकोणीस रुपयांचा उगम तिकडे आहे. २६ जून १९७४ला अमेरिकेत ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावच्या एका दुकानात च्युइंगमचं एक पाकीट काउंटरवरच्या यंत्रावरून सरकवलं गेलं. बारकोड वाचून झालेली ती पहिली विक्री. त्याआधी तिथल्या दुकानांत प्रत्येक डब्यावर भावाचं स्टिकर असे आणि काउंटरवरची बाई ते बघून आकडा दाबत असे. बारकोड आल्यावर डब्यावर भाव असण्याची गरज संपली. भाव यंत्रात गेला, आणि गिऱ्हाइकाला दिसावा म्हणून त्याची एक नक्कल फळीच्या कडेला पट्टीवर उरली. तिथल्या ग्राहक संघटनांना आणि दुकानातल्या कामगारांच्या युनियनांना धोका लगेच दिसला. पट्टी एकीकडे, यंत्र दुसरीकडे. दोन्ही जुळतील कशावरून? काही राज्यांनी प्रत्येक वस्तूवर भाव चिकटवलाच पाहिजे असे कायदे केले. मिशिगनमध्ये पुढे ती सक्ती गेली, पण त्याऐवजी एक तरतूद राहिली: पट्टीपेक्षा बिलात जास्त लागले तर फरक परत आणि वर फरकाच्या दहापट, कमीत कमी एक डॉलर, जास्तीत जास्त पाच. कॅनडात २००२पासून मोठ्या दुकानांनी आपणहून संकेत पाळला आहे. वस्तू दहा डॉलरपर्यंतची असेल तर ती फुकट द्यायची.

गंमत अशी की, तिकडे पाकिटावरचा भाव निघत होता त्याच दोन-तीन वर्षांत इकडे तो छापला जात होता. आपला सगळा पहारा त्यामुळे पाकिटावर राहिला. छापील किमतीच्या वर गेलात तर गुन्हा. पण छापील किंमत २२५, पट्टी १५९ आणि बिल १७८ असेल तर? कंपन्या एमआरपी ऐसपैस छापतात, कारण त्यातूनच 'इतके टक्के सूट' असं लिहिता येतं. मग दुकानातला खरा भाव हा पट्टीवरचाच. तोच बघून माणूस हात पुढे करतो, आणि त्यावरच पहारा पातळ.

कायद्याच्या वर्गात शिकवतात त्याप्रमाणे तर पट्टी म्हणजे काहीच नव्हे. इंग्लंडमधल्या बूट्स या औषधविक्री कंपनीच्या १९५३च्या खटल्यात प्रश्न असा आला की आपल्या हाताने माल उचलायच्या दुकानात विक्री नेमकी कधी होते. न्यायालय म्हणालं, फळीवर मांडणं हे फक्त आमंत्रण आहे. गिऱ्हाईक काउंटरवर माल ठेवतं तो त्याचा प्रस्ताव, आणि दुकान पैसे घेतं तेव्हा तो मान्य होतो. वाद औषधनिर्मात्याच्या देखरेखीचा होता, पण भावाच्या बाबतीत अर्थ असा निघतो की १५९ला डाळ मागणारा मी, आणि दुकानाला नाही म्हणायची मोकळीक. भारतातही करारकायदा याच वाटेने जातो. काउंटरवरच्या मुलीला बूट्सचा खटला माहीत नव्हता, पण ती बोलत होती तो तोच युक्तिवाद.

यावर उतारा आपल्याकडे करारात नाही, ग्राहक कायद्यात आहे. २४ डिसेंबर १९८६ला तो झाला, त्याची नवी आवृत्ती २०१९ला आली आणि २० जुलै २०२०पासून लागू झाली. त्यात तक्रारीच्या व्याख्येत जास्त भाव घेणं चार तऱ्हांनी मोजलं आहे: कायद्याने ठरवलेल्या भावापेक्षा, मालावर किंवा वेष्टनावर लिहिलेल्या भावापेक्षा, कायद्यानुसार लावलेल्या भावपत्रकापेक्षा आणि उभयपक्षी ठरलेल्या भावापेक्षा जास्त. प्लास्टिकची पट्टी यातल्या तिसऱ्या खणात बसते का, यावर वकील वाद घालू शकतात, कारण ती कायद्याने लावायला सांगितलेली नाही. पण भावाबद्दल लोकांची दिशाभूल करणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, हे त्याच कायद्यात स्पष्ट आहे, आणि बिल न देणंही त्यात आता आलं. जिल्हा आयोग जळगावला आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, दोन वर्षांत तक्रार करता येते, वकील लागत नाही. हे सगळं मला माहीत होतं. मी बँकेत नोकरी केलेला माणूस आहे, व्याजदराच्या पाट्या मीही लावल्या आहेत. तरी रांगेतल्या माणसाने घड्याळाकडे पाहिलं आणि मी पाकीट काढलं.

या दुकानांना दोष देताना शेटजींच्या दुकानाचे गोडवे गायचा मोह होतो. तो टाळलेला बरा. तिथे वागणूक माणूस बघून होती. मास्तर आले तर स्टूल पुढे, वस्तीवरची बाई आली तर ओट्याखालूनच. मोठ्या दुकानात आईला कोणी ओट्याखाली उभं केलं नाही, हे खरं आहे. तिला कोणी काही विचारलंही नाही. तक्रार कोणाकडे करायची तर गणवेशातला मुलगा म्हणतो मॅनेजर जेवायला गेलेत, आणि त्याच्या मागच्या भिंतीवर ग्राहक हा किती मोठा असं सांगणारं वाक्य गांधीजींच्या चित्राखाली लावलेलं. ते वाक्य गांधीजींच्या लेखनात सापडत नाही. १९४१मध्ये ते अमेरिकेतल्या स्टुडबेकर मोटार कंपनीच्या विक्रीप्रमुखाच्या नावावर छापून आलं होतं. म्हणजे पाटीखालची पाटीही चुकीचीच.

घरी आल्यावर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला. तक्रार नोंदली, क्रमांक मिळाला. काही दिवसांनी दुकानाकडून निरोप आला: फळीवरची माहिती अद्ययावत नव्हती, दिलगीर आहोत, आपल्या मोबाइल क्रमांकावर एकोणीस पॉइंट जमा केले आहेत, पुढच्या खरेदीत वापरता येतील. आईला पॉइंट म्हणजे काय ते समजावून सांगायला मला बराच वेळ लागला. शेवटी ती म्हणाली, म्हणजे परत तिथेच जायचं ना?

गेलो. महिन्याने पुन्हा तपासणी होती. या वेळी तेल. एक लिटरसारखी दिसणारी पिशवी, उलटून पाहिलं तर ८५० ग्रॅम. ठरावीक वजनांतच पाकिटं भरायची अट २०२२पासून गेली आहे. त्याऐवजी एककाचा भाव छापतात, मुंगीच्या अक्षरात. शेर ९३३ ग्रॅमचा होता, ही आठवण मी आईला सांगत होतो, तोवर तिचं लक्ष नव्हतं. ती पट्टीवरचा आकडा वाचत होती. मग तिने नखाने पट्टीचं एक टोक उचकटलं आणि खाचेतून ती अख्खी ओढून काढली. मी इकडेतिकडे पाहिलं. तिने पट्टी आणि पिशवी दोन्ही टोपलीत ठेवलं आणि काउंटरपुढे जाऊन दोन्ही शेजारी शेजारी मांडलं.

यंत्रावर अकरा रुपये जास्त आले. मुलगी तीच होती. आईने पट्टीवर बोट ठेवलं. "आठे लिखेल से ना? मी तितलाच पैसा देसु."

मुलीने कोणाला तरी बोलावलं. या वेळी मॅनेजर जेवायला गेलेले नव्हते. त्यांनी पट्टी पाहिली, पडदा पाहिला, मागची रांग पाहिली आणि किल्ली फिरवून आकडा खाली आणला. मग हात पुढे करून म्हणाले, "आजी, ती पट्टी द्या, परत लावायची आहे."

आईने ती दुमडून पिशवीत टाकली होती. अजून घरी आहे.